शातो मार्गोची बाटली हाती आली तर: ठेवायची कशी, उघडायची कधी, ओतायची कशी

घरात शातो मार्गोची, म्हणजे फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या त्याच नावाच्या इस्टेटच्या नामांकित रेड वाईनची, बाटली आली, मुलीने पॅरिसहून आणली म्हणा किंवा रिटायरमेंटला कोणी दिली म्हणा, तर सगळ्यात आधी लेबलवरचं साल, म्हणजे द्राक्षं तोडली ते वर्ष, बघा, बाकी सगळं नंतर. ही वाईन ठेवायची कशी, उघडायची कधी, हवा किती द्यायची, उघडल्यावर किती वेळात संपवायची हे सगळं त्या सालावर ठरतं. नेटवर 'रेड वाईन दोन तास आधी डिकँट करा' (म्हणजे बाटलीतून दुसऱ्या भांड्यात ओतून ठेवा) असले सरसकट नियम फिरत असतात, ते 2015 च्या बाटलीला चालून जातील पण 1983 च्या बाटलीचं त्याने वाटोळं होऊ शकतं, आणि ही बाटली काही पुन्हा पुन्हा हाती येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी बाटली नक्की कुठली आहे ते बघून घ्या कारण इथेच खूप जणांचा गोंधळ होतो. मार्गो हे बोर्दो शहराच्या उत्तरेला मेदोक पट्ट्यातलं एक गाव आहे आणि त्या गावाच्या व आसपासच्या द्राक्षांपासून केलेल्या कितीतरी वाईन्सच्या लेबलवर मार्गो असं लिहिलेलं असतं. शातो पामर, शातो रोझाँ-सेग्ला हेही तिथलेच, उत्तमच आहेत, पण ते शातो मार्गो नव्हेत, आणि त्याच नावाखाली अगदी साध्या बाटल्याही मिळतात. खऱ्या शातो मार्गोच्या लेबलवर खांब असलेल्या त्या हवेलीचं चित्र असतं आणि 'प्रीमिए ग्रां क्रू क्लासे' असं लिहिलेलं असतं. ही पदवी 1855 ची आहे. त्या वर्षीच्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी तिसऱ्या नेपोलियनने बोर्दोच्या वाईन्सची प्रतवारी करून घेतली आणि रेडमध्ये पहिल्या वर्गात चारच नावं आली, लाफित, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. पाचवं मुतों-रॉथशिल्ड, ते थेट 1973 साली वर आलं.

लेबलवर 'पाव्हियाँ रूज' असेल तर ती याच इस्टेटची दुसऱ्या क्रमांकाची वाईन. काही जण ते कळल्यावर नाराज होतात, मला ते पटत नाही. मुख्य वाईनसाठी हल्ली पिकातला निम्म्याहून कमी भाग निवडला जातो, त्यामुळे पाव्हियाँ रूजमध्ये जे जातं तेही फार चांगलं असतं, ती लवकर पिण्याजोगी होते, आणि पहिल्यांदाच या घराची वाईन विकत घेणार असाल तर माझा सल्ला तिथूनच सुरुवात करा असाच आहे.

विकत घेण्यावरून आठवलं, फ्रान्सला गेलात तर थेट शातोच्या दारात जाऊन बाटली घेऊ असं ठरवू नका, तिथे किरकोळ विक्री होत नाही, बोर्दोचे व्यापारी माल घेतात आणि मग तो जगभर जातो. बोर्दो शहरातल्या किंवा पॅरिसच्या चांगल्या वाईनच्या दुकानातूनच घ्या आणि बिल जपून ठेवा. जुन्या सालाची बाटली असेल तर ती आधी कुठे ठेवलेली होती हे विचारायला अजिबात लाजू नका. या दर्जाच्या वाईनमध्ये नकली माल हा खरा धोका आहे. रूडी कुर्नियावान नावाच्या माणसाने अमेरिकेत भल्याभल्या संग्राहकांना घरी मिसळलेली वाईन जुनी लेबलं लावून विकली होती, 2013 मध्ये तो दोषी ठरला आणि पुढे दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा ओळखीच्याच्या ओळखीचा कोणी 1990 ची बाटली स्वस्तात देतोय म्हणाला तर सरळ नाही म्हणा.

जुनी बाटली हातात घेतली की उजेडात धरून वाईनची पातळी बघा. वीस-पंचवीस वर्षांत थोडी वाईन उडून जातेच, पातळी मानेच्या तळापर्यंत आली तर काळजी नाही, पण खांद्याच्या मध्यापर्यंत किंवा त्याखाली गेली असेल तर कॉर्क हवा सोडतोय असं समजा. कॉर्क फॉइलमधून वर आलेला किंवा फॉइलखालून चिकट ओघळ आलेला दिसला तर बाटलीने कुठेतरी ऊन खाल्लंय.

आता साल. बोर्दोत दरवर्षी हवा वेगळी, पाऊस वेगळा, म्हणून वाईन वेगळी. शातो मार्गोची गोष्ट अशी की साठ आणि सत्तरच्या दशकात दर्जा बराच घसरला होता, 1977 मध्ये आंद्रे मेंझेलोपुलोस यांनी इस्टेट घेतली, द्राक्षमळ्यावर आणि तळघरावर भरपूर पैसा घातला, प्रख्यात वाईनतज्ज्ञ एमिल पेनो यांना सल्लागार म्हणून आणलं आणि 1978 च्या वाईनपासूनच फरक दिसायला लागला. आंद्रे 1980 मध्ये गेले, मग मुलगी कोरीन हिने सगळं हातात घेतलं, आणि 1983 पासून पॉल पोंताल्ये यांनी 2016 मध्ये जाईपर्यंत तिथली वाईन सांभाळली. म्हणून 1978 च्या आधीची बाटली असेल तर अपेक्षा जरा बेतानेच ठेवा (1961, 1953 यांसारखी मोठी वर्षं वेगळी). त्यानंतरची 1982, 1983, 1986, 1990, 1996, 2000, 2005, 2009, 2010, 2015, 2016 ही नावाजलेली वर्षं. यातलं 1983 खास आहे, कारण बोर्दोत इतरत्र 1982 चा गाजावाजा जास्त असला तरी मार्गो गावात 1983 ला त्याच्या बरोबरीचं, कित्येकांच्या मते वरचढ मानतात.

माझं मत विचाराल तर 1980-90 च्या दशकातली बाटली नीट ठेवलेली असेल तर आता उघडा, अजून दहा वर्षं ठेवून पुण्याच्या फ्लॅटमध्ये ती सुधारणार नाही. 2000 किंवा 2009 आज प्यायला छान आहे. 2005, 2010 आणि 2016 ला मात्र घाई करू नका, या वाईनमध्ये कॅबर्ने सॉव्हिन्यों द्राक्ष हल्ली 85 टक्के किंवा त्याहून जास्तच असतं, त्यातला तुरटपणा म्हणजे टॅनिन मऊ व्हायला वेळ लागतो. पण ठेवायला जागा नसेल तर मग उघडाच, उन्हाळे सोसून खराब झालेल्या वाईनपेक्षा कोवळी वाईन केव्हाही बरी.

ठेवायची जागा हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. हिला साधारण 12 ते 14 अंश तापमान हवं, अंधार हवा, थोडी दमट हवा हवी आणि बाटली आडवी हवी म्हणजे कॉर्क ओला राहतो. शोकेसमध्ये उभी करून लाईट लावून ठेवणं, माळ्यावर टाकणं, फ्रिजच्या वर ठेवणं, यातलं काहीच करू नका. नागपूर-जळगावचा मे महिना तर सोडाच, मुंबईचं वर्षभराचं 28-30 अंशही हिला सोसत नाही. वर्षानुवर्षं ठेवायची असेल तर वाईन कूलर घ्यावा लागेल, दुसरा खरा उपाय नाही. काही आठवड्यांचा किंवा दोन-तीन महिन्यांचा प्रश्न असेल तर पेपरात गुंडाळून साध्या फ्रिजच्या भाजीच्या ड्रॉवरमध्ये आडवी ठेवा, फ्रिज जरा जास्त थंड आणि कोरडा असतो हे खरं, पण उष्णतेने जेवढं नुकसान होतं तेवढं यात होत नाही. दारात ठेवू नका, तिथे ती सारखी हलते.

परदेशातून आणत असाल तर आपल्याकडे माणशी 2 लिटरपर्यंत ड्युटी लागत नाही, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या आरामात बसतात. चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मधोमध, जाड मोज्यांत किंवा बबल रॅपमध्ये गुंडाळून. घरी आल्यावर लगेच त्याच शनिवारी उघडू नका, जुनी बाटली असेल तर निदान दोन-तीन आठवडे पडून राहू दे, प्रवासात ढवळलेला गाळ खाली बसला पाहिजे. आणि मिरवायला म्हणून इकडे-तिकडे नेऊ नका हो. न्यूयॉर्कचे वाईन व्यापारी विल्यम सोकोलिन 1989 मध्ये 1787 सालची, थॉमस जेफरसनच्या संग्रहातली म्हणून सांगितली जाणारी मार्गोची बाटली एका मेजवानीला घेऊन गेले, तिथे ती टेबलाला आपटून फुटली, विमा कंपनीने 2,25,000 डॉलर दिले पण वाईन गेली ती गेलीच.

उघडायच्या दिवसाची तयारी आदल्या दिवशी सुरू होते. दहा-बारा वर्षांपेक्षा जुनी असेल तर चोवीस तास आधी, खूप जुनी असेल तर दोन दिवस आधी बाटली हळूच उभी करून ठेवा. रंग आणि टॅनिन वर्षांनुवर्षं एकमेकांना चिकटून जड होतात आणि गाळ होऊन बसतात. त्याने अपाय काही नाही पण तो कडू लागतो आणि वाईन गढूळ करतो.

उघडताना फॉइल बाटलीच्या ओठाच्या खालून कापा, कॉर्कच्या वर काळी बुरशी दिसली तर घाबरू नका, तळघराच्या ओलीने ती येते, ओल्या फडक्याने पुसून टाका. नव्या बाटलीला हॉटेलातले वेटर वापरतात तो साधा स्क्रूचा ओपनर पुरतो. पंचवीस-तीस वर्षं जुन्या कॉर्कला तो भसकन आरपार जातो आणि कॉर्कचा भुगा होतो, तिथे दोन पातळ पात्यांचा ओपनर लागतो, 'आ-सो' म्हणतात त्याला, ऑनलाईन सहज मिळतो. त्याची पाती कॉर्क आणि काच यांच्या फटीत डावी-उजवी करत आत सरकवायची आणि मग गोल फिरवत हळूहळू वर ओढायचं, नुसतं ओढायचं नाही. तरी तुटलाच कॉर्क तर उरलेला तुकडा आत ढकला आणि वाईन धुतलेल्या, साबणाचा वास नसलेल्या मलमलच्या कापडातून गाळून घ्या.

लगेच एक घोट ग्लासात ओतून वास घ्या आणि चव बघा. ओल्या पुठ्ठ्याचा, कुबट वास आला तर वाईनला खराब कॉर्कचा दोष लागलेला आहे, त्यावर इलाज नाही, दुकानातून घेतली असेल तर परत न्या. जुन्या वाईनला पहिल्या मिनिटाला जरा कोंदट वास असतो तो वेगळा, तो पाच-दहा मिनिटांत जातो, त्यामुळे घाईने निकाल देऊ नका.

मग डिकँटिंग. डिकँटर नसेल तर स्वच्छ काचेचा जग चालतो. एका हातात जग, दुसऱ्यात बाटली, आणि बाटलीच्या मानेखाली मोबाईलचा टॉर्च किंवा मेणबत्ती. एकाच धारेत, मध्ये न थांबता, सावकाश ओता. बोर्दोच्या बाटलीला ते जे उंच खांदे असतात त्यात गाळ अडकतो. खांद्यापाशी गडद रेघ मानेकडे सरकताना दिसली की थांबा, तळाचे दोन-तीन घोट बाटलीतच राहू द्या, त्याचा लोभ करू नका.

हवा किती द्यायची, तर तीस वर्षांच्या पुढची वाईन गाळापुरती डिकँट करून लगेच ग्लासात घ्या, तिचा सुगंध नाजूक असतो आणि तासाभरात विरायला लागू शकतो. पंधरा ते पंचवीस वर्षांची असेल तर अर्धा-एक तास. त्याहून कोवळी असेल तर तीन-चार तास द्या, दर तासाला घोटभर चाखत राहा. मार्गोची ओळखच तिच्या सुगंधात आणि मऊ पोतात आहे, तरुणपणी व्हायोलेटची फुलं आणि काळी फळं, वय झालं की तंबाखूचं सुकं पान, देवदाराचं लाकूड, पावसातली माती. ताकद दाखवणारी वाईन नाही ही, म्हणून तिच्यावर कशाचाच मारा करू नये असं मला फार वाटतं.

रेड वाईन रूम टेम्परेचरला प्यायची हा सल्ला युरोपातल्या जुन्या थंड घरांचा आहे. आपल्याला 16 ते 18 अंश हवंत. बाहेर 30 अंश असेल तर बाटली चाळीसेक मिनिटं फ्रिजमध्ये, उभीच, हळूच ठेवून मग उघडा, आणि ग्लासात पुन्हा तापते म्हणून थोडी थोडी ओता. बर्फ टाकायचा नाही. ग्लास मोठा, पातळ काचेचा, तोंडाशी निमुळता, आणि भरायचा एक तृतीयांशच. एका बाटलीत सहा जणांना 125 मिली मिळते, आठच्या वर माणसं बोलावू नका, कोणालाच धड चव कळत नाही.

जेवणाला बोर्दोत कोकराचं भाजलेलं मांस किंवा द्राक्षवेलींच्या काटक्यांवर भाजलेलं बीफ असतं, मसाला जवळपास नाहीच. आपल्याकडे मिरीवर रोस्ट केलेलं मटण, बदक, किंवा शाकाहारी असाल तर लोण्यात परतलेले मशरूम, जुनं कडक चीज. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जास्त झोंबतात, म्हणून तांबडा रस्सा, ठेचा हे त्या दिवशी नको, उदबत्ती आणि रूम फ्रेशनरही नको. फोडणीचा वास घरात असेल तर आधी तासभर खिडक्या उघड्या ठेवा.

उरलीच तर जुनी वाईन त्याच रात्री संपवा, सकाळपर्यंत ती टिकत नाही. कोवळ्या सालाची असेल तर छोट्या बाटलीत गळ्यापर्यंत भरून, घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशीही चांगली लागते, कधीकधी पहिल्या दिवसापेक्षा जास्त मोकळी, फक्त प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा.