कोकणातलं सरकारी रान राखताना या चुका टाळा

जूनमध्ये खड्डे, जुलैत रोपं, ऑगस्टात फोटो. पुढच्या मे महिन्यात त्याच उतारावर गेलं की उरलेल्या असतात वाळक्या काड्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात बहुतेक रान मालकीचं, सरकारी वनाचे तुकडे थोडे. त्यात अशी घाई परवडत नाही.

आहे ते न बघता लावणं

तोड झालेला उतार लांबून उजाड दिसतो. जवळ जाऊन किंजळीचं किंवा ऐनाचं खोडकं बघा. पाऊस पडून गेला की त्याच्याभोवती फुटव्यांचं झुडूप झालेलं असतं. खाली मुळं जुनी, खोल गेलेली; पिशवीतलं रोप त्यांची बरोबरी करत नाही. तिथे खड्डे खणूच नका. दसऱ्यानंतर प्रत्येक खोडक्यावर जमिनीलगत फुटलेले दोन-तीन सरळ फुटवे राखा, बाकीचे कोयत्याने छाटा. वरच्या कडेला आलेले फुटवे आधी काढा, ते जोराच्या वाऱ्यात निखळतात. गुरं काही वर्षं लांब हवीत, पण नुसता बंदीचा फलक लावला तर आधी फलकच मोडतो. ग्रामसभेत बसून चराईला दुसरा तुकडा ठरवा आणि राखलेल्या जागेतलं गवत कापून न्यायची मुभा द्या.

सडा म्हणजे पडीक जमीन समजणं

सडा म्हणजे जांभ्या कातळाचं उघडं पठार. त्या कातळात फोडलेला खड्डा म्हणजे हौद. जुलैत पानं पिवळी पडली तर पाणी तुंबून मुळं कुजताहेत. एप्रिलात रोप वाळलं तर त्याच हौदात ओल उरलेली नाही. शिवाय पावसाळ्यात सड्यावर जी रानफुलं आणि गवतं येतात, ती अशा खड्ड्यांनी जातात. सडा तसाच सोडा.

उशिरा काढलेली जाळरेषा

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. जाळरेषेचं, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळ्या केलेल्या पट्ट्याचं, काम त्याआधीच उरकलं पाहिजे. गवत कापून पट्ट्याच्या कडेलाच ढीग लावतात, हे तर आगीला आमंत्रण. ढीग उचला, नाहीतर दव असताना, माणसं हाताशी ठेवून पट्ट्यातच जाळा. दुपारी नको, समुद्राकडचा वारा चढावर आग घेऊन जातो. काजूच्या बागेतला पाला जाळतानाच बऱ्याचदा ठिणगी रानात येते, म्हणून बागायतदारांशी डिसेंबरातच बोला. वणवा दिसला तर वनविभागाचा १९२६ क्रमांक आहे.

रानमोडी जाळणं

रानमोडी म्हणजे रानात माजणारं झुडपी तण. जाळली की पुन्हा बुडातून फुटते, आणि मोकळ्या जागेत जास्तच पसरते. पावसाळ्यात जमीन भुसभुशीत असताना, फुलं येण्याआधी मुळासकट उपटा. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा सोपा मार्ग मला तरी माहीत नाही.

ऑस्ट्रेलियन बाभळीचा मोह

गुरं खात नाहीत, पटकन वाढते, म्हणून ती लावून अहवालाचा आकडा छान दिसतो. पण तिचा पाला लवकर कुजत नाही आणि खाली फारसं काही उगवत नाही.

आणि हो, मोजणी सप्टेंबरात करू नका. तेव्हा सगळंच हिरवं असतं. दुसऱ्या उन्हाळ्याच्या शेवटी, मे महिन्यात, वनरक्षक आणि गावातल्या समितीच्या माणसाने मिळून ओळीओळीने मोजावं. मेलेल्या रोपापुढे कारणही लिहावं: पाणी, गुरं, आग की वाळवी. पुढच्या वर्षी कुठे काय लावायचं, ते त्या रकान्यावरून ठरवता येतं.