मॅजिक सॅमचा पहिला अल्बम : नवी आवृत्ती कशी निवडावी आणि कशी ऐकावी

शिकागोच्या वेस्ट साइड या भागातला ब्लूज गायक-गिटारवादक मॅजिक सॅम १ डिसेंबर १९६९ रोजी, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला आणि शिकागोच्याच बडी गाय (Buddy Guy) या ब्लूज गिटारवादकाच्या वाट्याला आलेली कीर्ती त्याच्या वाट्याला आली नाही. डेलमार्क या रेकॉर्ड कंपनीसाठी १९६७ साली ध्वनिमुद्रित झालेला 'वेस्ट साइड सोल' हा त्याचा पहिला अल्बम मात्र एलपी (मोठी तबकडी) आणि सीडी या दोन्ही रूपांत पुन्हा निघालेला असल्यामुळे विकत घेण्यापूर्वी थोडी पारख करणे इष्ट ठरते.

एलपी घेताना तिच्यावरच्या खाचा मूळ टेपवरून कोरल्या आहेत की डिजिटल प्रतीवरून, याचा उल्लेख वेष्टनावर आहे का ते पाहावे. वापरलेली तबकडी असेल, तर शेवटच्या गाण्यानंतर लेबलापर्यंत जो गुळगुळीत पट्टा असतो, त्यावर कोरलेले क्रमांक तिरप्या उजेडात वाचून घ्यावेत; आवृत्ती ओळखण्यासाठी मुखपृष्ठापेक्षा ते अधिक भरवशाचे असतात. दोन आवृत्त्यांची तुलना करायची असल्यास दोन्हींचा आवाज आधी सारखा करावा, कारण जी मोठ्याने वाजते तीच कानाला सरस वाटते आणि पुष्कळशी मते तेवढ्यावरच बनतात.

सीडीवर एका गाण्याचा पर्यायी टेक (म्हणजे त्याच गाण्याचे दुसरे मुद्रण) शेवटी जोडलेला आहे. पहिल्यांदा ऐकताना तो वगळावा आणि मूळ अकरा गाणी एलपीच्या क्रमानेच ऐकावीत. सुरुवातीचे 'दॅट्स ऑल आय नीड' हे ठरावीक ब्लूजपेक्षा चर्चमधल्या गायनाचा ठसा असलेल्या सोल संगीताच्या अधिक जवळचे आहे आणि अल्बमच्या नावातला 'सोल' तिथेच पटतो.

यानंतरचा अभ्यास 'ऑल ऑफ युअर लव्ह' या गाण्यावर करावा, असे मी आग्रहाने सुचवीन. हेच गाणे सॅमने १९५७ साली कोब्रा कंपनीसाठी 'ऑल युअर लव्ह' या नावाने गायले होते. त्या जुन्या मुद्रणात गिटारचा प्रत्येक स्वर ट्रेमोलो या ध्वनिपरिणामामुळे ठरावीक गतीने लहान-मोठा होत थरथरतो. दोन्ही मुद्रणे लागोपाठ लावून आधी केवळ गळ्याकडे लक्ष द्यावे. दुसऱ्या फेरीत गायनाची ओळ संपताच गिटार तिला कसे उत्तर देते, ते ऐकावे. सॅम प्लेक्ट्रमऐवजी (तार छेडायच्या छोट्या पट्टीऐवजी) बोटांनी वाजवत असे, हे ध्यानात ठेवून शब्दविरहित 'लुकिन गुड' ऐकल्यास तारेवरचा आघात वेगळा का वाटतो, हे कळू लागते. (गिटार शिकणाऱ्यांनी त्याची गती लगेच गाठण्याचा हट्ट धरू नये.)

'माय लव्ह विल नेव्हर डाय' हे गीतकार विली डिक्सनचे गाणे ओटिस रश या ब्लूज गायकाने कोब्रासाठीच आधी गायले होते. तो टेक मिळाल्यास सॅमच्या टेकनंतरच लावावा, म्हणजे सॅमचा गळा रशच्या सावलीत ऐकला जाणार नाही. सीडीवरच्या पर्यायी टेकची पाळी त्यानंतर.