दुसऱ्या इंजेक्शनची तयारी पहिल्याच दिवशी

गर्भनिरोधक इंजेक्शन घेऊन गेलेली बाई परत आली नाही, तर बहुतेक वेळा पाळीत बदल झालेला असतो आणि ती घाबरलेली असते. म्हणून मी सिरिंज भरण्याआधी पाळीबद्दलच बोलते. पहिले काही महिने मध्येच डाग पडतील, कधी जास्त दिवस अंगावरून जाईल, वर्षभरात पाळी बंदही होऊ शकते. रक्त आत साठून राहतं ही भीती फार खोल असते. गर्भाशयाचं अस्तर पातळ राहतं, त्यामुळे बाहेर पडायला काही नसतंच, हे मी चित्र काढून दाखवते. मग विचारते, "घरी कोणी विचारलं तर काय सांगाल?" तिचं उत्तर ऐकलं की तिला किती समजलंय ते कळतं.

वजनाचंही लपवू नका. डीएमपीएवर (तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक इंजेक्शन) वर्षाला सरासरी एक-दोन किलो वाढू शकतं. सोडल्यावर दिवस राहायला इतर साधनांपेक्षा सरासरी ४ महिने जास्त लागतात, हेही आधीच सांगा.

पुढची तारीख कार्डावर लिहून द्या. फोनवर आठवण करायची असेल तर तिचा फोन घरात आणखी कोण बघतं, हे आधी विचारा. काहींनी घरी सांगितलेलं नसतं.

डीएमपीए दर ३ महिन्यांनी द्यायचं. २ आठवडे लवकर आली तरी चालतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार ४ आठवडे उशीर झाला तरी थेट देता येतं. नेट-एन हे दुसऱ्या प्रकारचं गर्भनिरोधक इंजेक्शन, ते २ महिन्यांनी. तिथे उशिराची मुभा २ आठवड्यांचीच. त्यापुढे उशीर झाला तर गरोदर नसल्याची खात्री करून द्या आणि ७ दिवस कंडोम वापरायला सांगा. पण उशिरा आलेल्या बाईवर ओरडू नका. एकदा ओरडा खाल्लेली बाई पुढच्या वेळी उशीर झाला की येतच नाही.

रक्तस्रावाची तक्रार घेऊन आली तर "होतं असं" म्हणून परत पाठवू नका. किती दिवस, किती पॅड, चक्कर येते का, विचारा. डॉक्टर इब्युप्रोफेनसारख्या गोळ्या ५ दिवस देऊ शकतात. फारच जात असेल किंवा खूप दिवस थांबत नसेल तर दुसरं कारण आहे का, ते तपासायलाच हवं.

एवढं करूनही तिला नको असेल तर आग्रह धरू नका. त्याच भेटीत तिच्या पसंतीचं दुसरं साधन द्या.