पाळी लांबली की लगेच काढा? या चुका टाळा

पाळी चार दिवस पुढे गेली की घरातली प्रत्येक बाई एकेक उपाय सांगते, तीळगूळ खा, कच्ची पपई खा, ओव्याचा काढा घे, उष्ण पडलं की येईल आपोआप. मी हे सगळं करून बसलेय म्हणून लिहितेय.

मुळात मोजण्यातच गडबड होते. बऱ्याच जणी पाळी संपल्यापासून दिवस मोजतात, पण रक्तस्राव सुरू झाला तो दिवस पहिला धरायचा आणि तिथून पुढची पाळी सुरू होईपर्यंत मोजायचं. 21 ते 35 दिवस नॉर्मल आहे, दर महिन्याला तीच तारीख यायला हवी असं काही नाही. मुलगी नुकतीच वयात आली असेल तर पहिली दोन-तीन वर्षं 45 दिवसांपर्यंत लांबू शकते, तिला लगेच काढे पाजू नका प्लीज.

लग्न झालेलं असो नसो, दिवस राहण्याची थोडीही शक्यता असेल तर आधी मेडिकलमधून किट आणून लघवीची टेस्ट करा, मगच कच्ची पपई, बोळ (हिराबोळ, एक औषधी डिंक), कोरफडीचा रस वगैरेचा विचार. हे उलट्या क्रमाने करणं सगळ्यात धोक्याचं.

आता अशोकारिष्ट, म्हणजे अशोकाच्या सालीचं आंबवलेलं आयुर्वेदिक औषध. पाळी येत नाही म्हणून बाटली आणणाऱ्या कितीतरी जणी मी बघितल्यात, मीही त्यातलीच! पण अशोकाची साल तुरट, आयुर्वेदात ती मुख्यतः अंगावरून रक्त जास्त जात असेल तेव्हा देतात. अडकलेल्या पाळीसाठी वैद्य वेगळा विचार करतात, कोरफडीचं कुमारी आसव वगैरे, तेही प्रकृती बघून. आपण "बायकांचं औषध" एवढंच ऐकून दोन-दोन चमचे घेत राहतो आणि तीन महिने असेच जातात. शिवाय आसव-अरिष्टात आंबवण्यातूनच तयार झालेलं अल्कोहोल असतं, साधारण 5 ते 10 टक्के, लिव्हरचा त्रास असेल किंवा इतर गोळ्या चालू असतील तर आधी विचारा.

पाळी अनियमित होण्यामागे पीसीओएस (हार्मोन बिघडून अंडाशयाचं काम अडखळणं), थायरॉइड, वाढलेलं प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध तयार करणारं हार्मोन), खूप ताण, एकदम घटवलेलं वजन असं काहीही असू शकतं आणि ते जास्त करून रक्ताच्या टेस्ट आणि सोनोग्राफीत कळतं, जिभेला चव देऊन नाही. थायरॉइडची गोळी चालू असताना अश्वगंधा मनाने सुरू करू नका, थायरॉइड हार्मोनची पातळी वाढू शकते. बीपी असेल तर ज्येष्ठमध रोज नको, त्याने बीपी चढतं. शुगरच्या गोळीसोबत मेथी भरपूर घेतली तर शुगर खाली जाऊ शकते. आणि बाजारात सुटी मिळणारी, लेबल नसलेली पुडी तर घेऊच नका, काहींत शिसं सापडलेलं आहे.

तीळ, हळिवाचा लाडू हे जेवणाचा भाग म्हणून खा, छानच आहे, गरोदर असाल तर मात्र हळीव टाळा.

तीन महिने पाळीच नाही, तासातासाला पॅड बदलावं लागतंय, किंवा पाळी जाऊन वर्ष झालं आणि पुन्हा डाग दिसला, तर काढा बाजूला ठेवा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, जाताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा आणि घेतलेल्या प्रत्येक काढ्याची बाटली सोबत न्या.