‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे मुलांना कसं विचारावं

चौदा-पंधरा वर्षांचं मूल “मला मरायचंय” असं क्वचितच सरळ सांगतं. “मी नसलो की सुटाल तुम्ही”, “आता कशातच अर्थ नाही” असं काहीतरी बोलतं. त्यावर आपण “अभद्र बोलू नकोस” म्हणतो आणि बोलणं तिथंच तुटतं.

आधी बदलाकडे लक्ष द्या. या वयात चिडचिड असतेच. पण झोप-जेवण दोन आठवडे बिघडलेलं, मित्रांशी बोलणं बंद, जिवापाड जपलेल्या वस्तू वाटून टाकल्या, निरोपासारखे मेसेज लिहिले, अंगावर जखमा दिसल्या, तर निकालाची किंवा परीक्षा संपण्याची वाट पाहू नका. फार खचलेलं मूल अचानक शांत झालं, तरी निर्धास्त होऊ नका.

मग विचारा. समोर बसवून उलटतपासणी नको; मेथी निवडताना, स्कूटरवरून येताना मुलं जास्त मोकळी होतात. “तू हल्ली गप्प गप्प असतेस. इतका त्रास होतोय का, की जीव द्यावासा वाटतो?” अगदी याच शब्दांत विचारा. विचारल्यामुळे तो विचार मनात शिरत नाही. उलट, कुणीतरी ओळखलं म्हणून मुलाला हायसं वाटू शकतं.

उत्तर “हो” आलं तर तुमच्या पोटात गोळा येईल. तरी ऐका. “तुझ्यासाठी काय नाही केलं आम्ही!” हे वाक्य गिळा. “सांगितलंस, बरं केलंस. मी आहे” एवढं पुरे. कुणालाही न सांगण्याचं वचन मात्र देऊ नका.

काही ठरवलंय का, हेही विचारा. ठरवलं असेल, तर रात्रीसुद्धा एकटं सोडू नका. घरातल्या गोळ्या आणि शेतीची फवारणीची औषधं त्याच दिवशी कुलपात ठेवा. जमलं तर घराबाहेरच हलवा. हे मी आग्रहानं सांगते, कारण टोकाची ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते आणि तेवढ्या वेळात साधन हाताशी नसलं की जीव वाचू शकतो.

लगेच धोका वाटला तर ११२ वर फोन करा किंवा थेट रुग्णालय गाठा. एरवी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे. पोलिसांच्या भीतीनं काही लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं मानलं जातं आणि सहसा तिला शिक्षा होत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांची पुढची तारीख कालनिर्णयवर लिहून ठेवा, सोबत जा. आणि उद्या पुन्हा विचारा: “आज कसं वाटतंय?”