भर उन्हात व्ह्यूफाइंडर नसलेला कॉम्पॅक्ट कॅमेरा कसा वापरायचा

मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो सकाळीच काढावा, कारण किल्ला पश्चिमेला आणि ऊन बरोबर त्याच्या तटावर पडतं. पण तेच ऊन तुमच्या पाठीमागून कॅमेऱ्याच्या स्क्रीनवरही येतं, आणि कॅमेरा रिको जीआर ३ किंवा कॅननचा जी ७ एक्स मार्क २ असा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची छोटी खिडकी) नसलेला असेल तर स्क्रीनवर किल्ला कमी आणि स्वतःचा चेहरा जास्त दिसतो. माझं स्पष्ट मत आहे की अशा वेळी स्क्रीनकडून फक्त फ्रेमिंगचं काम घ्यायचं, बाकी सगळं आधीच ठरवून ठेवायचं.

तर आधी सावलीत उभं राहून, चहाच्या टपरीत किंवा झाडाखाली, सेटिंग करून घ्या. स्क्रीनचा ब्राइटनेस फुल्ल करा, सोनीच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत यासाठी सनी वेदर असा वेगळा पर्यायच असतो. बॅटरी लवकर संपते, जास्तीची खिशात ठेवा. हिस्टोग्राम (फोटोत काळोखापासून उजेडापर्यंत किती काय आहे ते डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख) चालू करा, कारण ब्राइटनेस वाढवला की फोटो आहे त्यापेक्षा उजळ दिसतो आणि डोळ्यांवर भरवसा ठेवला की घरी आल्यावर सगळे फोटो काळपट निघतात. आलेख सगळा डावीकडे गोळा झालेला नसेल आणि उजव्या कडेला आपटत नसेल तर ठीक. आणि बीप बंद केला असेल तर चालू करा, शटर अर्धं दाबल्यावर फोकस लागला की नाही हे कानाने कळतं, स्क्रीनवरचा हिरवा चौकोन उन्हात कुणाला दिसतोय!

एक्स्पोजरसाठी, म्हणजे फोटोला किती उजेड द्यायचा यासाठी, जुना नियम अजून मस्त चालतो. स्वच्छ उन्हात एफ १६ ला (एफचा आकडा म्हणजे अॅपर्चर, लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक बारीक) शटर स्पीड आयएसओच्या, म्हणजे सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या, आकड्याएवढा, म्हणजे आयएसओ १०० ला साधारण १/१०० सेकंद. पण कॉम्पॅक्टच्या छोट्या सेन्सरवर अॅपर्चर फार बारीक केलं की फोटो जरा मऊ पडतो आणि कित्येक मॉडेलमध्ये एफ १६ नसतंच, म्हणून तेवढाच उजेड धरून एफ ८ ला १/४०० किंवा एफ ५.६ ला १/८०० लावा. मला एफ ५.६ आवडतं, वाइडला (झूम न करता) एक इंची सेन्सरवर दोन-तीन मीटरवर फोकस केला की पुढचं सगळं शार्प येतं. तारकर्लीच्या वाळूवर ऊन परावर्तित होतं, तिथे शटर एक स्टॉपपर्यंत (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) वेगवान करा आणि हिस्टोग्राम बघा. मॅन्युअल मोड नसेल तर पी मोडवर (शटर आणि अॅपर्चर कॅमेराच ठरवतो) ठेवा आणि लक्षात असू द्या की उजळ वाळू बघून कॅमेरा फसतो आणि फोटो अंधारा करतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायचं +/- सेटिंग) अर्धा-एक स्टॉप प्लसमध्ये न्यायचं.

आता उन्हात या. पांढरा शर्ट घालून गेलात तर स्क्रीनवर तो शर्टच चमकणार, गडद रंगाचा टीशर्ट घाला, हा फरक खरंच मोठा आहे. टोपी काढून स्क्रीनच्या वर धरा नाहीतर डाव्या तळहाताचं छप्पर करा आणि अंग थोडं वळवून स्वतःची सावली स्क्रीनवर पाडा. पोलराइज्ड गॉगल मात्र काढाच, त्यातून काही स्क्रीन एका ठराविक कोनात चक्क काळ्या दिसतात. स्क्रीन उघडून वर वळणारी असेल तर कॅमेरा पोटाशी धरून वरून वाका, आपलीच सावली पडते आणि हातही हलत नाही. नेहमी असं फिरणं होत असेल तर स्क्रीनवर बसणारा घडीचा हूड घ्या.

फ्रेमिंगला झूम पूर्ण वाइड ठेवून सुरुवात करा, विषय सापडला की मग आत जा, कारण टेलीवर (पूर्ण झूमवर) हात लांब करून उन्हात होडी शोधणं म्हणजे वैताग. फ्रेम थोडी सैल ठेवा, २० मेगापिक्सेलमधून कडा कापल्या आणि क्षितिज सरळ केलं तरी प्रिंट छान येते. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालून ताणून धरा, कोपरं बरगड्यांना टेकवा, आणि माणसं असतील तर तीन-चार फोटो लागोपाठ घ्या.

काढलेले फोटो उन्हात तपासू नका, सावलीत आल्यावर बघा. आणि ऊन उतरलं की ब्राइटनेस आठवणीने पुन्हा नॉर्मलला आणा, नाहीतर संध्याकाळी अंधारे फोटोसुद्धा स्क्रीनवर व्यवस्थित वाटतील.