जलदुर्गांचा तक्ता करायला बसण्याआधी

मराठी विकिपीडियावरच्या लेखांतून जलदुर्गांची माहिती काढून तिचा तक्ता करायचा, तर मृग लागायच्या आत त्या विकिपीडियाचा डंप, म्हणजे सगळ्या पानांची एकत्र फाइल, उतरवून ठेवा. रत्नागिरी-मालवणकडे जोराची सर आली की आधी वीज जाते, मग नेटवर्क. तेव्हा फाइल अर्ध्यावर अडकलेली नको. लेखांच्या फक्त सध्याच्या आवृत्तीचा डंप घ्या, संपादनांचा सगळा इतिहास नको. ती बीझेड२ पद्धतीने दाबून लहान केलेली एक्सएमएल फाइल असते. ती उलगडायची गरज नाही, पायथन (आपली प्रोग्रामिंग भाषा) तशीच वाचतो. एकेक पान घ्यायचं, काम झालं की मेमरीतून सोडायचं. नामविश्व ० मधली, म्हणजे खुद्द लेखांची, पानं पुरेत. पुनर्निर्देशनं, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या पानाकडे नेणारी पानं, मात्र टाकू नका, वेगळ्या यादीत ठेवा. दुवे जुळवताना तीच लागतात.

एमडब्ल्यूपार्सरफ्रॉमहेल ही विकिपानाचा कच्चा मजकूर सुटा करणारी पायथनची लायब्ररी (तयार कोडचा संच) सगळ्यांच्या लॅपटॉपवर आधीच चढवून घ्या. नावात हेल, म्हणजे नरक, आहे ते उगीच नाही. साच्यात (पानात घालायच्या तयार नमुन्यात) साचा, त्यात दुवा, दुव्यात चित्र असा मजकूर नुसत्या रेग्युलर एक्स्प्रेशनने (मजकूर शोधायच्या सूत्राने) सोडवू म्हणणाऱ्याला खुशाल करू द्या, संध्याकाळपर्यंत तो आपणहून लायब्ररीकडे येईल. पण ही लायब्ररी साचे फक्त ओळखते, उलगडत नाही. अक्षांश-रेखांशांचा साचा तुमच्या हाती कच्चाच येणार, त्यातले आकडे तुम्हीच काढायचे.

सगळ्यात जास्त वेळ इथे ठेवा: कोडआधी विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, जंजिरा अशी काही पानं संपादन खिडकीत उघडून डोळ्यांनी वाचा. माहितीचौकटीत (लेखाच्या कडेच्या ठळक माहितीच्या तक्त्यात) काय भरलंय, काय रिकामं, उंचीपुढे फूट आहे की मीटर, आकड्याला संदर्भाचा टॅग चिकटलाय का, हे वहीत उतरवा. देवनागरी आकड्यांची भीती नको. पायथन ‘३०’ची संख्या सरळ करतो, अडतो तो ‘१,२००’मधल्या स्वल्पविरामाला. खरा त्रास अक्षरांचा. पायथनच्या नेहमीच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शब्दातल्या अक्षराची जी खूण आहे, ती वेलांटी, काना, हलंत यांना अक्षर मानत नाही. ‘किल्ला’चे तुकडे पडतात. शिवाय ‘किनाऱ्यावर’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: स्वतंत्र ऱ घेऊन, किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे, तुलनेत वेगळे. एकच अक्षर लिहायच्या वेगवेगळ्या तऱ्हा एकसारख्या करणारं युनिकोडचं एनएफसी रूपही त्यांना एक करत नाही, तेव्हा तो नियम स्वतः लिहून ठेवा.

दुव्यातून दिसणारा शब्द आणि तो ज्या पानावर नेतो त्याचं नाव, दोन्ही साठवा. नुसतं ‘सिंधुदुर्ग’ म्हणजे मालवणसमोर कुरटे बेटावरचा किल्ला, की जिल्हा? दुवे काढून मजकूर सपाट केलात की हे कळायची सोय गेली. जिल्ह्याच्या रकान्याचंही आधीच ठरवा. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला तो १ मे १९८१ला; जुन्या पुस्तकांवरून लिहिलेल्या ओळीत मालवण रत्नागिरीत सापडलं तर ती चूक धरायची की त्या काळाची नोंद? माझं मत, आजचा जिल्हा एका रकान्यात, लेखातला मजकूर जसाच्या तसा शेजारी.

प्रत्येक ओळीला पानाचा आवृत्ती क्रमांक जोडा. तक्ता लोकांपुढे ठेवणार असाल, तर विकिपीडियाचा उल्लेख आणि सीसी बाय-एसए ४.० (श्रेय देऊन, त्याच अटींवर वापरू देणाऱ्या) परवान्याची ओळ पहिल्याच दिवशी फाइलसोबत टाका.